‘गोळा करणे’ सोडून बाकीची कामं

छापील फॉर्मवर क्रियापद एकच होतं: गोळा करणे. ‘गौण वनोपज गोळा करणे.’ गाव जंगलातून काय आणतं, कुठून आणतं, कसं आणतं, ते सगळं या दोन शब्दांत कोंबायचं. फॉर्म करणाऱ्याला मी दोष देत नाही. साऱ्या राज्याला पुरवायचं म्हटलं की वरण पातळच करावं लागतं.

माझं काम लिहिण्याचं आहे. गडचिरोलीतल्या गावांना सामूहिक वनहक्काचे दावे तयार करायला मदत करणारी एक लहानशी संस्था आहे, तिथले कागद मी सांभाळते. दावा म्हणजे गाव म्हणतं, हे जंगल आमच्या वापरातलं आहे, तसा हक्क आम्हाला लिहून द्या. मग सरकारी माणूस विचारतो, वापर म्हणजे तुम्ही तिथे नेमकं काय करता? त्याचं उत्तर क्रियापदातच द्यावं लागतं. म्हणून मी गावोगाव क्रियापदं मागत फिरते. लोक वर्गणी मागतात, मी हे मागते.

या कामात एक गोष्ट लवकर कळली. वस्तूंची नावं टिकतात, क्रियापदं मात्र कामाबरोबर निघून जातात. माझ्या आईकडे तांदळासाठी चार होती: कांडणे, सडणे, पाखडणे, निवडणे. माझ्याकडे दोन उरली: आणणे आणि शिजवणे. माझी मुलगी नागपूरला असते. तिच्याकडे एकच आहे: ऑर्डर करणे. तिघींचंही पोट भरलं, त्यामुळे मी त्यावर सुस्कारे सोडत नाही.

आमचं घर माजरीला, नवरा कोळशाच्या खाणीत. कॉलनीत सगळं काही मारलं जातं. ड्यूटी मारतात, ओव्हरटाइम मारतात, झाडू मारतात, फोन मारतात, शिक्का मारतात. एका क्रियापदाने बाकीची दहा गिळली आणि कुणाचं काही अडलं नाही. जिवतीच्या डोंगरावर गेलं, की मराठवाड्यातून येऊन वसलेली माणसं ‘काय करायलाव?’ विचारतात. आमच्याकडे तेच ‘काय करून राह्यले?’ पुण्याचे पाहुणे ‘काय करताय?’ म्हणतात आणि उत्तर ऐकायला थांबत नाहीत. सिरोंच्याकडे तेलुगू सुरू होते. तिथे खाण्याला ‘तिनु’ आणि इकडे गोंडीत ‘तिन’. मधे एवढं जंगल, तरी जेवायला बसलं की दोन्हीकडची माणसं सख्ख्या भावांसारखी बोलतात.

आणखी एक. आमच्या भागात पुरुष ‘मी जातो’ म्हणतो आणि बाईही ‘मी जातो’च म्हणते. शहरातून आलेला नवा माणूस आमच्या फायली वाचतो तेव्हा विचारतो, यातले बायांचे जबाब कोणते? मी सांगते, कामावरून ओळखा.

तर त्या गावाची गोष्ट. गाव लहान, घरात गोंडी, बाजारात आपली झाडी मराठी. पोंभुर्ण्याकडे माझं माहेर, त्यामुळे माझंही तोंड तसंच वळतं आणि मला दुभाषा लागत नाही. उन्हाळ्यात मी तिथे चारदा मुक्कामाला गेले. पहिल्या दिवशी समाजमंदिराच्या ओसरीवर वही उघडली आणि विचारलं, जंगलात काय करता? सगळ्यांनी एकच उत्तर दिलं: “आनतो.” मोह आणतो, पानं आणतो, डिंक आणतो. फॉर्मवाल्यापेक्षा फार वेगळं नव्हतं.

यावर माझा एक उपाय आहे. तोंडाने सांगू नका, हाताने करून दाखवा, असं मी म्हणते. लोकांना आधी हसू येतं, मग हात चालू लागतात, आणि हाताबरोबर शब्द येतो. त्या दिवशी ओसरीवर मोह वेचला गेला, तेंदूची पानं खुडली गेली, हिरडा झोडपला, डिंक खरवडला, कांदे खणले, बांबूचे कोवळे वास्ते मोडले. मधाचं पोळं झाडताना एक आजोबा इतके रंगले की शेजारच्याने खऱ्या माश्या असल्यासारखी टोपी झटकली. पेंदा जाळण्याचं काम, म्हणजे जंगलाचा तुकडा जाळून त्या राखेत पेरायचं, ते फक्त एका म्हाताऱ्याने करून दाखवलं. त्याचं ते क्रियापदही ‘होतो’च्या पलीकडे येत नव्हतं. “जाळत होतो.” बाकीच्यांनी ते नुसतं ऐकलेलं.

दोन पानं भरली. मग नकाशा पसरला आणि कुठलं काम कुठे होतं ते लावत गेलो. नदीकाठ भरला, गावामागचा डोंगर भरला. नाल्यापलीकडचं टेकाड तेवढं कोरं राहिलं.

वनहक्क समितीचे अध्यक्ष म्हणजे पन्नाशीचे एक सरळ गृहस्थ, मी त्यांना भाऊ म्हणते. त्यांना विचारलं.

“तिकडं कोनी जात नाई बाई. दगडच दगड हायेत.”

बायांना विचारलं. त्यांनी माना हलवल्या. सगळ्यांनी, एकदम, जरा जास्तच जोरात. मी पेन्सिलीने लिहिलं: वापर नाही.

आता या कोऱ्या जागेचा अर्थ सांगते. त्या टेकाडावर रोपवन लावायचा वनखात्याचा विचार सुरू असल्याचं कानावर होतं. रोपवन म्हणजे तारेचं कुंपण, आणि कुंपण म्हणजे रोपं उभी राहीपर्यंत काही वर्षं आत जाणं बंद. टेकाड दाव्यात आलं तर गावाला विचारल्याशिवाय तार लागणार नव्हती. नाही आलं, तर लागली असती. सगळ्यांना हे सांगितलेलं होतं. तरी माना हलत राहिल्या.

शेवटच्या मुक्कामात, ग्रामसभेच्या आदल्या दिवशी, मी एकटीच नाला ओलांडून तिकडे गेले. कोरी जागा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सही करायची नाही, ही माझी सवय. नाल्यापलीकडे पाय टाकला आणि समोर पायवाट दिसली. वीतभर खोल, गुळगुळीत. वर गेले तर तिला फाटे फुटलेले. एक या झुडपामागे, दुसरा त्या दगडामागे, तिसरा वळसा घालून उलट दिशेला. कोणी जात नाही त्या टेकाडावर गावातल्या गल्ल्यांपेक्षा जास्त वाटा होत्या. आणि प्रत्येक वाटेच्या टोकाला वारूळ.

मी तिथेच कपाळावर हात मारला. वारूळ म्हणजे सात्या!

सात्या ही आमच्याकडची रानातली अळंबी. पावसाळ्यात वारुळांवर उगवते, दरवर्षी त्याच जागी, दोन-तीन दिवसच. जो आधी पोचला त्याच्या, बाकीच्यांनी वास घ्यायचा. म्हणून सात्यांची जागा कुणी कुणाला सांगत नाही. नवऱ्याला नाही, जावेला नाही, सासूला तर नाहीच. सांगितली की पुढच्या वर्षी सात्या तिथे येत नाहीत, असंही म्हणतात. ते खरं की खोटं मला माहीत नाही. सांगितल्यावर दुसरीच कुणीतरी आधी पोचते, एवढं मात्र खरं.

हे मला कळायला हवं होतं. माझी आई पावसाळ्यात सकाळीच “तळ्यावर धुनं घेऊन जातो” म्हणून निघायची आणि पिळलेल्या लुगड्याखाली टोपलीभर सात्या घेऊन यायची. तळं पूर्वेला आणि आई यायची पश्चिमेकडून. घरात कुणीही काही विचारत नसे. आई गेल्यावर भांडी वाटली, दोन शेळ्या वाटल्या. ती जागा कुणाच्या वाट्याला आली नाही, कारण तिने ती मलाही सांगितली नव्हती. मी रागावले नाही. तिच्या जागी मी असते तरी सांगितली नसती.

आणि वहीत दोन पानं क्रियापदं घेऊनही सात्यांसाठी एकही आलं नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मागच्या पावसाळ्यात पहिल्या ओळखीला आले होते, तेव्हा भाऊंच्याच घरी मी सात्यांची भाजी बोटं चाटून खाल्ली होती. कुठून आणल्या विचारलं तर त्यांची बायको म्हणाली होती, “आल्या.” जशा काही चालत आल्या.

संध्याकाळी मी गावाच्या टोकाला राहणाऱ्या एका म्हातारीकडे गेले. भाऊंची ती चुलती. एकटीच राहते. मुलगा तेलंगणात मिरची तोडायला जातो आणि येतो तेव्हा येतो. ही सात्या वाळवून ठेवते आणि आठवडी बाजारात विकते. तिचं तेलमीठ, तिचं लुगडं, सगळं त्यावर. मुलापुढे हात पसरावा लागत नाही, याचा तिला मोठा ताठा. टेकाड बंद झालं तर सगळ्यात आधी तिचं बंद होणार होतं.

मी आडपडदा न ठेवता म्हटलं, “बाई, टेकाडावर वाटा पाह्यल्या मी.”

ती चुलीत काडी सरकवत होती. सरकवत राहिली.

“शेळ्यायच्या असतीन.”

“शेळी वारुळापाशी जाऊन थांबते काय?”

“थांबतेही. शेळीचा काय भरोसा.”

“बाई, लिहिलं नाई तं तार लागन.”

“अना लिवलं तं गाव लागन,” ती म्हणाली. मग माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघून: “लिवू नको माय. तारेखालून मी सरपटत जाईन. गावापुढं मी कुठी जाईन?”

तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण गुडघ्याच्या दुखण्याने ती उठताना भिंतीला धरत होती, आणि तारेखालून सरपटणार होती.

मी घरी नवऱ्याशी भांडताना करते तेच केलं, म्हणजे प्रश्न लहान केला. म्हटलं, जागा लिहायची गरज नाही. सारं टेकाड एक म्हणून लिहिता येतं. सात्यांचं नावही घ्यायची गरज नाही. पण तिथे कोणी तरी काही तरी करतं, एवढं उद्या भर सभेत कुणी बोललं पाहिजे. खोटं मी लिहिणार नाही. खरं किती सांगायचं, ते तुमचं तुम्ही पाहा.

“पह्यले मीच काऊन बोलू?”

“कारण बाकीच्या बोलनार नाईत.”

“बाकीच्या कोन?” तिने झटकन विचारलं. “अजून कोनाच्या वाटा हायेत तिथी?”

मी उठले आणि निघाले. तेवढं मलाही कळतं.

ग्रामसभेत या गावात हात वर करून काही ठरत नाही. लिहिलेलं वाक्य वाक्याने मोठ्याने वाचायचं, आणि एकाचीही हरकत असेल तर तिथेच थांबायचं. हरकत मिटेपर्यंत पुढे जायचं नाही. वेळ जातो, पण नंतर कोणी ‘मले माहीत नव्हतं’ म्हणत नाही. मी वाचत गेले. नदीकाठ झाला, डोंगर झाला. मग म्हटलं, “नाल्यापलीकडचं टेकाड. वापर…” आणि थांबले. पेन्सिलीने लिहिलेलं ‘नाही’ मी आदल्या रात्री खोडून टाकलं होतं.

“नाई म्हनून लिवा,” भाऊ म्हणाले. “पुढं चला.”

मी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. बायांच्या मागच्या रांगेत म्हातारी बसली होती, तिच्याकडे मुद्दाम पाहिलं नाही.

“मी जातो,” म्हातारी म्हणाली.

भाऊ वळले. “काहाले जातेस काकी?”

“शेळी चाराले.”

“तुही शेळी तं दोन वर्सांखाली मेली.”

“जित्ती होती तवा चारत होतो. आता तिची आठोन येते, म्हनून जातो.”

ओसरीवर हसू फुटलं. पण हरकत आली होती, म्हणून सभा थांबलेली होती. तेवढ्यात मधल्या रांगेतली एक बाई म्हणाली, “मी बी जातो. झाडूचं गवत कापाले.” तिच्या बाजूची लगेच: “मी सरपन मोडाले जातो.” कोपऱ्यातून एक: “मी टेंभरं खाले.” अगदी मागून एक तरुण सून उठली आणि म्हणाली, “मी हिच्या मांगं मांगं जातो,” आणि पुढे बसलेल्या सासूकडे बोट दाखवलं. सासूने मान वळवून तिच्याकडे जे पाहिलं, ते लिहायला माझ्याकडे अजून क्रियापद नाही.

“एवढ्या बाया जातात, अना आमाले पत्ताच नाई?” भाऊंना खरंच धक्का बसला होता.

“तुमाले काहाचा पत्ता रायते भाऊ,” गवतवाली म्हणाली. “ताटात आलं का खाता.”

पुरुषांनी ऐकून घेतलं. मी लिहून घेतलं. शेळ्या चारण्यापुढे ‘पूर्वी’ लिहिलं, कारण मेलेली शेळी मी चालू काळात चारू शकत नाही. बाकीची कामं खरी होती. मी आदल्या दिवशी कापलेलं गवत पाहिलं होतं, मोडलेल्या काड्याही पाहिल्या होत्या. त्या बाया जाताना एक काम करत होत्या आणि येताना दुसरं. मी जातानाचं तेवढं लिहिलं.

पडताळणीला सरकारी साहेब आले ते धानाचे रोवणे आटोपल्यावर. टापटिपीचा, मितभाषी माणूस. हातात मोजणीचं यंत्र, खांद्याला पाण्याची बाटली. त्यांच्या हातात आमचा नकाशा होता आणि त्यांना एकेक जागा पायांनी पाहायची होती. कागदावर चार कामं आहेत म्हणून टेकाड हद्दीत येत नव्हतं. साहेबांना तिथे माणसांचा वावर दिसायला हवा होता. दिसला नाही, तर लाल रेघ मारून ते टेकाड बाहेर काढणार, असं त्यांनी आधीच सांगितलं.

रात्रीतून पाऊस पडून गेला होता, सकाळी ऊन आलं होतं. अशा सकाळी सात्या येतात. हे मला ठाऊक होतं, गावातल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं, फक्त साहेबांना ठाऊक नव्हतं. दाखवायला पाच पुरुष पुरले असते, पण नाल्यापाशी पोचलो तर पंधरा-वीस बाया आमच्या मागे. कुणाला एवढी हौस कशाची, असं भाऊंच्या चेहऱ्यावर होतं.

म्हातारी सगळ्यांच्या पुढे. भिंतीला धरून उठणारी ती बाई त्या दिवशी हरणासारखी चढत होती. साहेब मागे पडले. पहिल्या फाट्याला ती एका झुडपाआड गेली आणि आम्ही वळण घेऊन पोचेपर्यंत खाली बसलेली होती. नुसती बसली नव्हती. लुगड्याचा घेर चहूबाजूंनी पसरवून, हात मागे टेकून, वारुळाला पाठ लावून. सणासुदीला पाटावर बसतात तशी.

“काय झालं आजी?” साहेबांनी विचारलं.

“काई नाई. पाय धरले.”

“पाणी देऊ?”

“तुमीच प्या. तुमाले दम लागला.”

मागच्या बाया येऊन थांबल्या. एकीने आभाळाकडे पाहिलं. दुसरीने पदर खोचला, काढला, परत खोचला. गवतवालीच्या एकदम लक्षात आलं की तिच्या पायात काटा गेला आहे, आणि ती काटा काढायला बरोबर उलट दिशेच्या दगडामागे निघून गेली. तरुण सून सासूकडे बघत होती आणि सासू सुनेकडे. कुणी म्हातारीच्या लुगड्याकडे बघितलं नाही. मी तरी बघताना कुणाला पाहिलं नाही.

साहेबांनी कागद काढला. त्यांना प्रत्येक जागी एकाला तरी विचारायचंच होतं.

“आजी, तुम्ही इथे काय करता?”

“बसतो.”

“रोज?”

“पान्यापावसाच्या दिवसांत रोज.”

“किती वर्षांपासून?”

म्हातारीने विचार केला. “मी या गावात बिहाव होऊन आलो, तवापासून. माझी सासू बी बसत होती. पन ती कुठी बसत होती, ते तिनं मले सांगतलं नाई.”

साहेबांनी पेन थांबवून तिच्याकडे पाहिलं, मग खाली, पायाखालच्या वाटेकडे. बुटाचं टोक वाटेच्या काठाला लावून खोली पाहिली. वर चढत गेलेले सगळे फाटे एकेक करून नजरेने मोजले. मला वाटलं आता ते विचारणार. विचारलं असतं, तर म्हातारीने उठायला नकार दिला असता, बायांची गर्दी जमली असती, आणि पन्नास वर्षांचं झाकलेलं उघडं पडलं असतं. त्यांनी विचारलं नाही. यंत्रावर आकडा घेतला, कागदावर ‘जुनी वहिवाट आढळली’ असं लिहिलं आणि नकाशावर टेकाडाभोवती हिरवी रेघ ओढून ते गावाच्या हद्दीत घेतलं. भाऊंनी सही केली, मी केली.

“चला, वरचं पाहू,” साहेब म्हणाले.

सगळे निघाले. बाया ओळीने म्हातारीच्या बाजूने गेल्या, प्रत्येकीने दोन पावलं लांबून. मी मागे राहिले. कागद पिशवीत घातले आणि तिला उठवायला हात पुढे केला. तिने हात घेतला नाही.

“झालं का तुह्यं लिवून?”

“झालं. तार नाई लागत आता, गावाले इचारल्याबिगर.”

“बरं झालं.” लुगड्याचा घेर तिने आणखी थोडा पसरवला. “आता तू बी जाय.”

मी गेले. पुढे चाललेल्या बायांपैकी एकही मागे वळून पाहत नव्हती, म्हणून मीही पाहिलं नाही.